हातमोजे घातलेल्या तारा

गिटार मांडीवर घेतली की सिस्टर सर्वांत जाड तारेवर दोन बोटं ठेवून क्षणभर थांबायच्या. मग विचारायच्या, "काय म्हणतोय आपला पेशंट?" पेशंट काही म्हणत नसे. "बरा आहे," असं उत्तरही त्या स्वतःच देत आणि वाजवायला लागत.

आयुष्यभर रुग्णालयात परिचारिका म्हणून नोकरी केलेल्या या बाईंना आमच्या वर्गात सगळे 'सिस्टर'च म्हणत. मुलुंड पूर्वेला एका सोसायटीच्या सभागृहात शनिवारी सकाळी प्रौढांसाठी गिटारचा वर्ग भरतो. अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेला मी तिथे गेलो तो एक मोठा संकोच सोबत घेऊनच. अशा माणसाला कोपऱ्यातली खुर्ची बरोबर सापडते. शेजारच्या खुर्चीवर सिस्टर होत्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझं वादन थोडा वेळ ऐकून घेतलं.

"सर, तुम्ही तार वाजवताय की तिची परवानगी मागताय?"

मला राग आला नाही. आजवर इतक्या नेमक्या शब्दांत माझं कुणी वर्णन केलं नव्हतं.

त्यांची स्वतःची इच्छा एवढीच होती. गोवंडीला त्यांच्या घराजवळच्या विहारात पौर्णिमेला बायका जमून गाणी म्हणत. साथीला पेटी होती, ढोलकी होती. त्यात आपली गिटार मिसळायची. "स्टेज नको, हार नको," त्या म्हणत. "फक्त बायका गात असताना मधूनच कुणीतरी मागे वळून बघितलं पाहिजे, की हे कोण वाजवतंय!"

मिठागरांकडून येणाऱ्या दमट हवेत साध्या तारा फार दिवस टिकत नाहीत, हे गिटार वाजवणाऱ्या तुम्हा मंडळींना वेगळं सांगायला नको. घामाने त्या काळवंडतात आणि बोट सरकवलं की खरखरतात. सिस्टरांनी यावर आपल्या पेशाला साजेसा उपाय शोधला होता. वाजवून झालं की पर्समधून कापूस आणि स्पिरिटची बाटली काढून त्या एकेक तार पुसत. हे पाहून आमचे शिक्षक, जे वयाने आमच्या मुलांएवढे आहेत, अक्षरशः धावत आले.

"सिस्टर, स्पिरिट नको! लाकूड सुकतं त्यानं."

"मग काय, सलाईन लावू त्याला?"

शेवटी शिक्षकांनी कोटिंगच्या तारा सुचवल्या. या तारांवर एक अतिशय पातळ आवरण असतं. त्यामुळे गंज लवकर धरत नाही आणि एक सेट कितीतरी महिने चालतो. मीही तो घेतला आणि मला तो फार आवडला. बोट अलगद सरकतं, खरखर ऐकू येत नाही. आपल्या चुका जगाला कमी ऐकवणारी कोणतीही सोय मला प्रियच असते. सिस्टरांनी मात्र दोन-चार वेळा बोटं फिरवली आणि नाक मुरडलं.

"हे म्हणजे ग्लोव्हज घालून नाडी बघणं झालं. काही कळतच नाही हो."

त्यांनी पुन्हा साध्या तारा बसवून घेतल्या. पुढच्या शनिवारी त्या आल्या तेव्हा पेशंटची विचारपूस झाली नाही.

"सर, साध्या लावल्या. तरी ग्लोव्हज आहेतच."

त्यांना मधुमेह असल्याचं वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं. बिस्किटाची बशी त्या स्वतःच पुढे सरकवत असत. "पायांच्या बधिरपणाचं मला माहीत होतं," त्या हळूच म्हणाल्या. "आता हातांवर आलं की काय? तारेचा दोष निघाला तर बरं, सर. तार बदलता येते."

मग त्यांनीच परीक्षा ठरवली. मी त्यांच्या गिटारला नवा कोटिंगचा सेट बसवायचा, पण तीन जाड तारांपैकी एक साधी ठेवायची. कोणती, ते त्यांनी डोळे मिटून बोटांनी ओळखायचं. शिक्षकांच्या मदतीने मी तारा बसवल्या. मी स्वतः डोळे मिटून पाहिलं. साधी तार बोटाखाली चटकन कळत होती, तिच्यावर गुंडाळलेल्या बारीक तारेचे वेढे मोजता यावेत इतकी.

सिस्टरांनी डोळे मिटले. डाव्या हाताची बोटं तिन्ही तारांवरून पुनःपुन्हा फिरली.

"मधली."

साधी तार सर्वांत जाड होती. 'बरोबर' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता.

"सर, गप्प बसलात म्हणजे चुकलं," त्या डोळे न उघडताच म्हणाल्या. "आम्ही नातेवाईकांना असंच गप्प बसून सांगायचो."

मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी उजव्या हाताने तिन्ही तारा एकामागून एक छेडल्या. पुन्हा एकदा छेडल्या. मान किंचित कलली.

"ही. जाडी. हिचा आवाज खणखणीत आहे. बाकीच्या दोघी तोंडाला पदर लावून बोलतात."

"बरोबर!" मी म्हणालो. इतक्या मोठ्याने मी त्या वर्गात आजवर बोललो नव्हतो.

त्यांनी डोळे उघडले. ते भरले होते, पण त्या हसत होत्या. "बोटं रिटायर झाली, सर. कान अजून ड्युटीवर आहेत."

त्या दिवसापासून त्यांनी कोटिंगच्याच तारा ठेवल्या. गंजलेल्या तारेने बोट कापलं तर आपल्याला कळणारसुद्धा नाही, त्यापेक्षा ही मऊ बरी, असा त्यांचा हिशेब होता. काही महिन्यांनी आवरण झिजून तारेवर पांढरे तंतू दिसू लागले, की त्या शिक्षकांना हाक मारत, "ड्रेसिंग सुटलंय हो, बदला!"

एका पौर्णिमेला मी विहारात गेलो होतो. सिस्टर पेटीच्या शेजारी बसल्या होत्या. बोट चुकीच्या जागी पडलं की त्यांना ते दिसायच्या किंवा जाणवायच्या आधी ऐकू येई आणि त्या ते गुपचूप सरकवून घेत. तिसऱ्या गाण्यात पुढच्या रांगेतली एक बाई गाता गाता मागे वळली आणि शेजारणीला कोपराने ढोसून म्हणाली, "अगं, बघ ना कोण वाजवतंय!"

गेल्या वर्षी सिस्टर मुलीकडे नागपूरला राहायला गेल्या. शेजारच्या खुर्चीवर आता कुणीही बसतं. शनिवारी वर्ग सुटला की मात्र त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. आधी त्या वाजवून दाखवतात, मग डावा हात फोनजवळ आणतात आणि माझ्या हातातला पडदा चार बोटांच्या टोकांनी भरून जातो.

"नीट बघा, सर. कुठे कापलंय का? पोरगी ऑफिसला गेलीय आणि माझा चष्मा सापडत नाही."

मी एकेक बोट पाहतो. ओळखीच्या बाईंच्या हाताकडे इतकं निरखून पाहण्याचा संकोच आता वाटत नाही.

"तिसऱ्यावर वळ आहे फक्त. जखम नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मग अजून एक ऐका."

फोन ठेवता ठेवता कलंडतो. पडद्यावर नागपूरच्या घराचं छत आणि फिरता पंखा दिसू लागतो, आणि गाणं सुरू होतं.