बांधावरची नाचण

नाचणीइतका बेअक्कल पक्षी मी पाहिला नाही, आणि तिच्याइतका जीव दुसऱ्या कुठल्या पाखरावर लावलाही नाही. आमच्या शेताच्या बांधापलीकडे दोन पावलांवर देवरहाटी होती. देवाचं रान ते. तिथली काडी कुणी मोडत नसे, तिथे कोयता कुणी नेत नसे. ऐन, किंजळ, बकुळ आणि वेलींची अशी दाटी, की हजार घरटी बांधली असती तरी कुणाचा हात पोचला नसता. पण या बाईने घरटं बांधलं ते अलीकडे, आमच्या बांधावरच्या करवंदीच्या जाळीत, माझ्या कमरेच्या उंचीवर. आणि तेही भाजावळीच्या तोंडावर!

भाताची रोपं ज्या तुकड्यात करायची तो तरवा. पेरणीआधी त्याच्यावर शेण, तोडून वाळवलेल्या फांद्या, गवत आणि रानातला पातेरा, म्हणजे गळलेला पाला, यांचे थर घालून तो भाजून काढायचा, तीच भाजावळ. त्याने तणाचं बी जळतं आणि रोप जोमाने येतं. बांधावरची झुडपंही तोडून त्याच आगीत टाकायची. पाऊस येण्याआधी हे उरकलं नाही, तर वर्षाच्या भाताची काळजी.

ही गोष्ट एकोणीसशे तीसच्या आगेमागेची. माझ्या लग्नाला वर्ष झालं होतं. घरधनी मुंबईला गिरणीत. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला मालगुंडला गेलेल्या. घरात मी आणि सासरे दोघंच. सासऱ्यांना मी मामंजी म्हणे. त्यांचं बोलणं दिवसाकाठी दहा शब्द, त्यातले चार बैलांना. मला तर बोलल्याशिवाय अन्न पचत नाही. त्यात शिमग्याला येऊन गेलेल्या घरधन्यांचं पत्र आलं, की गणपतीला रजा नाही, आता पुढच्या शिमग्यालाच. मला दुसरा महिना सरत होता आणि ते सांगायला घरात बाईमाणूस नव्हतं. सासऱ्याला कोणत्या तोंडाने सांगणार? चुलीशी बसून रडले आणि डोळ्यांत धूर गेला म्हणाले.

मग मी नाचणीशी बोलू लागले. चिमणीहूनही लहान अंग, धुरकट काळा रंग, डोळ्यावर खडूने ओढल्यासारखी पांढरी भुवई, गळ्याखाली पांढरे ठिपके. शेपटी मात्र अंगाएवढी लांब. ती पंख्यासारखी उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. डावीकडे गिरकी, उजवीकडे गिरकी, मधेच उडी मारून माशी टिपायची. एका जागी स्वस्थ बसेल तर शपथ. माहेरी आई मला नाचणच म्हणे, ते का, हे मला तेव्हा कळलं. गाणं म्हणजे सहा-सात सुरांची गोड शीळ, चढत जाऊन शेवटी उतरणारी. एवढ्याशा गळ्यातून ती ऐकली की हातातलं काम थांबे.

घरटं दोघांनी मिळून बांधलं. गवताच्या बारीक काड्या, सालींचे धागे, आणि वरून कोळ्याच्या जाळ्याचं लिंपण. कुंकवाच्या करंड्याएवढी ती वाटी इतकी गुळगुळीत झाली, की मला माझ्या सारवणाची लाज वाटली. आत तीन अंडी. फिकट तांबूस, जाड टोकाला तपकिरी ठिपक्यांचं कडं. नर कोण आणि मादी कोण हे ओळखू येत नाही, दोघं सारखीच दिसतात. पण एक उठलं की दुसरं येऊन बसायचं, हे मी रोज पाहत होते. ते पाहून बरं वाटे आणि रागही येई. राग कुणाचा, ते सांगायला नको.

दोन आठवड्यांनी अंडी फुटली. उघडीवाघडी तीन पिल्लं, सगळं अंग म्हणजे नुसती चोच. त्यांचे डोळेही उघडले नव्हते, तोच मामंजी म्हणाले, "परवा तरवा भाजूया गो. उद्या जाळी तोडतंय."

"मामंजी, पातेरा कमी पडेल," मी म्हटलं.

तरव्याशेजारी पातेऱ्याचा ढीग पुरुषभर उंच होता. त्यांनी ढिगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "व्हय?" एवढंच म्हणाले.

एका पाखरासाठी थांबा, हे नव्या सुनेने म्हणायचं कसं? खुळी म्हणून गावभर नाव झालं असतं. त्या संध्याकाळी मी कोयता गोठ्याशेजारच्या पेंढ्यात खुपसून ठेवला. सकाळी मामंजींनी दोन ठिकाणी शोधल्यासारखं केलं आणि ओटीवर बसून तंबाखू मळली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, वारा घराच्या बाजूला आहे. मग अमावस्या आली. मग बैलाच्या पायात काटा गेला. नशीब एवढं जोरावर आहे, हे पाहून मीच चकित झाले. मी आपली फाटक्या टोपलीतून पातेरा आणत होते, निम्मा वाटेत सांडत होते.

पण गंमत किती दिवस? आजूबाजूचे सगळे तरवे भाजून काळे झाले, आमचाच तेवढा राहिला. एक दिवस समुद्राच्या अंगाला ढग दिसले. मूठभर पिल्लांसाठी मी घरच्या भाताशी खेळत होते, हे मला चांगलं कळत होतं. तरीही कोयता बाहेर काढवेना.

कोयता लपवल्यापासून अकराव्या दिवशी सकाळी दोन पिल्लं फांदीवर आली आणि बघता बघता देवरहाटीत गेली. तिसरं काठाला धरून बसलं. आईबाप चोचीत माशी घेऊन पलीकडून बोलावत होते. हा शहाणा हलेना. दुपार कलली तेव्हा त्याने उडी टाकली, बांधावर आपटलं, आणि मी हात पुढे करायच्या आत फडफडत देवाच्या हद्दीत शिरलं. मी एकटीने टाळ्या वाजवल्या.

धावत पेंढ्याशी गेले. कोयता नव्हता! सगळा पेंढा उपसला, तरी नाही. मागे वळते तर मामंजी उभे. कमरेच्या आकड्याला कोयता, धार लखलखीत.

"ह्यो? ह्यो मना त्याच दिवशी गावला," ते म्हणाले. "चल, जाळी तोडूया. गेली ना पोरं?"

त्या दिवशी तरवा भाजला. धुरात माझ्या डोळ्यांना पाणी आलं, आणि खरं सांगते, ते धुराचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामंजी म्हणाले, "कागद काढ. मुंबयला पत्र घालूया." त्यांना अक्षरओळख नव्हती, मी चौथी झालेली. ते सांगत आणि मी लिही.

"तरवा भाजला. बैल बरं हायत. लिवलंस?"

"लिहिलं."

मग ते देवरहाटीकडे बघत बसले. मला वाटलं, संपलं पत्र.

"आता लिव. नाचणीचा नरसुदीक आळीपाळीनं अंड्यांवर बसतो. मी सोता बघितलंय. तवा तू गणपतीला घरी ये. रजा नाय दिली तरी ये."

माझा टाक कागदावरच थांबला. शाईचा हा एवढा डाग पडला. कानशिलं तापली, मान वर करवेना. इतके दिवस जे सांगायला मला तोंड नव्हतं, ते त्यांना ठाऊक होतं.

"लिव गो," ते म्हणाले. "डागासकट धाड."

गणपतीच्या आदल्या दिवशी घरधनी आले. पत्रातलं ते वाक्य त्यांना कळलं का, हे मी कधी विचारलं नाही. पण चहा घेताच ते उठले, माझ्या हातातली घागर काढून घेतली आणि विहिरीवरून पाणी भरून आणलं. एकदा नव्हे, तीनदा. मामंजी ओटीवर तंबाखू मळत होते. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.