ढोलपथकाच्या हाती पूरफळ्या

सिंगापूरच्या मरीन परेडमधल्या आमच्या कॉन्डोत, म्हणजे गृहसंकुलात, ढोल वाजवण्याजोगी एकच जागा होती, बेसमेंटचे पार्किंग. बागेत वाजवले की शेजारच्या इमारतींतून फोन येत, आणि क्लबहाऊसच्या काचा थरथरत. बेसमेंटच्या टोकाच्या कोपऱ्यात रविवारी दुपारी सराव केला, तर वरच्या मजल्यांवर जमीन गुरगुरल्यासारखे वाटे, एवढेच. त्या गुरगुरण्याचीही शेवटी तक्रार झाली. गणपती महिन्यावर आले होते आणि मॅनेजमेंट कमिटीने ताईंना बोलावून घेतले.

पथक ताईंनीच उभे केले होते. त्या चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत हिशेब तपासतात. माणसे जमवणे, पुण्याहून ढोलांची पाने मागवणे, परवानग्या, सगळे त्यांच्याकडे. बेसमेंट गेले तर दुसरी जागा नव्हती; असती तर ती ताईंना सापडली असती. म्हणून त्या खाली आल्या तेव्हा आम्ही ढोल आवरायलाच घेतले होते.

त्यांनी आणलेली बातमी मात्र वेगळी होती. कमिटीचे अध्यक्ष एक निवृत्त चिनी गृहस्थ. सगळी नोकरी आगी विझवण्यात आणि लोकांना बाहेर काढण्यात गेलेली. त्यांना सगळेच अंकल म्हणतात. त्यांनी परवानगी नाकारली नव्हती. सौदा केला होता.

“वाजवा, हरकत नाही ला,” असे ते इथल्या सवयीने वाक्याला ‘ला’ जोडत ताईंना म्हणाले होते. “पण पाणी आलं, तर पहिले धावणार तुम्ही.”

सिंगापुरात भूकंप होत नाहीत, वादळेही लांबून जातात. पण भरतीच्या वेळी मोठा पाऊस आला की नाल्यांतले पाणी समुद्रात जायला वाट राहत नाही, आणि पूर्व किनाऱ्यावरचे सखल रस्ते बघता बघता भरतात. तासाभरात ओसरतातही. बेसमेंट भरायला तो तासभर पुरतो. त्यासाठी आमच्या रॅम्पच्या तोंडाशी दोन पोलादी खांब आणि जमिनीत एक खाच आहे. पाणी चढू लागले की अॅल्युमिनियमच्या लांब फळ्या एकावर एक त्यात बसवायच्या, सगळ्यांत खालच्या फळीची रबराची पट्टी खाचेत दाबून घ्यायची, आणि वरून क्लॅम्प आवळायचे. एक फळी उचलायला चार माणसे लागतात. रविवारी दुपारी गेटवर गार्ड एकटा असतो आणि निम्मा कॉन्डो मॉलमध्ये असतो. त्या वेळी रॅम्पपासून हाकेच्या अंतरावर हमखास सापडणारी माणसे म्हणजे ढोलवाले. अंकलनी हे बरोबर हेरले होते.

या देशात धोक्याची तयारी अशीच चालते, हे पुढे कळत गेले. नव्या फ्लॅटमध्ये जाड भिंतींची आसऱ्याची खोली असते. आपण तिथे डाळी-तांदूळ ठेवतो, पण पोलादी दार मोकळे ठेवावे लागते. कुंड्यांखालच्या बशीत डास दिसतात का ते बघायला माणूस घरी येतो. लिफ्टजवळ हृदय पुन्हा सुरू करण्याचे यंत्र टांगलेले असते, आणि ते चालवायला शिकलेले कोणीतरी त्याच इमारतीत राहत असते. संकटाच्या सर्वांत जवळ कोण उभे असेल, ते आधी बघायचे आणि काम त्याच्या गळ्यात घालायचे.

अंकलची अट सरळ होती. ठरलेल्या रविवारी ड्रिल होईल. आम्ही फळ्या बसवायच्या, बाहेरून गार्ड आगीच्या नळाचे पाणी मारेल. आत ओघळ आला नाही, तर गणपतीपर्यंत सराव. आला, तर बेसमेंट बंद.

पहिल्या तालमीत आमची शोभा झाली. प्रत्येकाला सूचना द्यायच्या होत्या, उचलायचे कोणालाच नव्हते. “डावीकडून, डावीकडून” असे तिघे ओरडत होते आणि तिघांचे डावे वेगळे होते. दुसरी फळी पहिलीच्या आधी बसली. अंकल हाताची घडी घालून पाहत होते.

तोडगा इंजिनिअरने काढला. तो मूळचा नागपूरचा, इथल्या एका प्रयोगशाळेत संशोधन करतो. एप्रिलमध्ये जयंतीला आम्ही त्याच्याकडे वाजवायला जातो आणि गणपतीत तो आमच्याकडे ताशा धरतो. हा व्यवहार पथकाइतकाच जुना आहे. त्याने ताईंना विचारले, “आपण वाजवतो तेव्हा कोण कोणाला सूचना देतं?”

कोणीच नाही. ताशा सांगतो, ढोल ऐकतात.

मग फळ्याही ताशावर बसवायच्या ठरल्या. तर्री, म्हणजे ताशाची सलग थरथर, सुटली की वाकायचे, पहिल्या ठोक्याला उचलायचे, साध्या चालीवर पावले टाकायची, दोन जड ठोक्यांना खाली. तोंडे आपोआप मिटली. चार-सहा वेळा केल्यावर अंकलनी घड्याळाकडे पाहिले आणि पहिल्यांदाच मान हलवली.

ड्रिलच्या रविवारी दुपारीच आभाळ शाईसारखे झाले होते. फळ्या रॅम्पच्या कडेला लावून ठेवल्या होत्या. ताई जरीच्या काठाची साडी नेसून आल्या होत्या आणि त्यांच्या हातात नारळ होता. इंजिनिअरला बोलायला तेवढे पुरे होते.

“ताई, पाण्याला अडवायचं आहे की बोलवायचं आहे?”

“तुम्ही ताशा बघा, साहेब. नारळ माझा.”

“मी कुठे काय म्हणालो? फक्त मला हात जोडायला लावू नका.”

ताईंनी खांबाला हळदकुंकू लावले, आणि समोर दिसणारी सगळ्यांत कडक कड म्हणून जमिनीतल्या खाचेच्या पोलादी काठावर नारळ हाणला. एका घावात फुटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा. शकले ताटात गोळा झाली. अंकलनी काहीच हरकत घेतली नाही. ते नळाची गुंडाळी सोडवत होते.

तेवढ्यात जवळजवळ सगळ्यांचे फोन एकदम थरथरले. आमच्या भागात जोरदार पाऊस, जवळचा नाला काठोकाठ, सखल जागा टाळा. संदेश वाचून होतो न होतो तोच पाऊस कोसळू लागला. समोरचा रस्ता दिसेनासा झाला.

अंकलनी नळ खाली ठेवला. “ड्रिल कॅन्सल,” ते म्हणाले. “आता खरं.”

तर्री सुटली. आम्ही वाकलो. पहिली फळी गेली, बसली. दुसरी, तिसरी. पावसाच्या आवाजातही ताशा खणखणीत ऐकू येत होता. पावले चालीत पडत होती. चौथी बसली, डाव्या खांबाचे क्लॅम्प मी आवळले, उजव्याचे ताईंनी. रस्त्यावरचे पाणी गेटातून आत आले, तपकिरी, वेगाने, आणि फळीला येऊन थडकले. थांबले. कोणीतरी शीळ घातली.

आणि उजव्या खांबापाशी, आतल्या बाजूने, मनगटाएवढी जाड धार रॅम्पवरून खाली धावू लागली.

ताईंनी क्लॅम्प आणखी आवळला. धार तशीच. खालची फळी एका टोकाला बोटभर वर राहिली होती. ताई साडीसकट पाण्यात बसल्या आणि फटीत बोटे घातली.

“काहीतरी अडकलंय,” त्या म्हणाल्या. मग आणखी चाचपून, “करवंटी आहे.”

कोणी हसले नाही. इंजिनिअरसुद्धा नाही.

फळी न उचलता ती निघत नव्हती, आणि खालची फळी उचलायची तर वरच्या तिन्ही काढाव्या लागणार. बाहेर पाणी घोट्याच्या वर आले होते. फळ्या काढल्या की ते सगळे आत येणार. नाही काढल्या, तर ही धार पाऊस थांबेपर्यंत चालणार, आणि पाणी चढेल तसा तिचा जोर वाढणार. सगळ्यांनी अंकलकडे पाहिले.

“तुमची टीम,” ते ताईंना म्हणाले. “तुम्ही ठरवा.”

ताईंनी रॅम्पच्या खाली पाहिले. गाड्या, मागे ओळीने ठेवलेले ढोल. मग इंजिनिअरकडे वळल्या.

“दुप्पट लयीत वाजवता येईल?”

“मला येईल. यांना उचलता येईल का ते विचारा.”

“वाजवा.”

पुढचे मला तुकड्यांत आठवते. क्लॅम्प सुटले. फळ्या एकामागून एक वर आल्या, हात बदलत मागे गेल्या. शेवटची निघाली तसे पाणी पोटऱ्यांवर आदळले आणि रॅम्पवरून गर्जत खाली गेले. त्या वाहत्या पाण्यात ताईंचा हात कोपरापर्यंत खाचेत होता. हात वर आला तेव्हा त्यात शेंडीसकट करवंटीचा तुकडा होता. दोन जड ठोके, पहिली फळी खाली. ताशा आमच्या पुढे पळत होता आणि आम्ही त्याच्या मागे. एकाचाही ठोका चुकला नाही. चौथी बसली, क्लॅम्प आवळले, आणि सगळे एकदम आतल्या बाजूला बघू लागले.

फळ्यांखालची जमीन ओली होती. पण वाहत नव्हती.

बेसमेंटमध्ये टाचा बुडतील एवढे पाणी साचले होते आणि पंप ते ओढत होता. गाड्यांची चाके भिजली, एका ढोलाचे पान खालून ओले झाले. बाहेर पाणी दुसऱ्या फळीपर्यंत चढले आणि तिथेच रेंगाळले. अंकलनी उजव्या कोपऱ्यात पूर्ण हात फिरवून पाहिला, मग ताईंसमोर तळवा पसरला. ताईंनी त्यावर करवंटी ठेवली.

अंकल ती उलटसुलट करून पाहत राहिले.

“पुढच्या वेळी आधी फळ्या,” ते म्हणाले, “मग नारळ. आणि तिकडे, भिंतीपाशी.”

म्हणजे पुढची वेळ होती. तरीही ताईंनी विचारून घेतलेच, हिशेबनिसाला मोघम उत्तर चालत नाही. आत पाणी आले होते, अट मोडली होती, हे त्यांनी स्वतःच सांगितले आणि सरावाचे काय, असा प्रश्न केला.

अंकलनी घड्याळ पाहिले. “तुमची वेळ पाचपर्यंत,” ते म्हणाले. “अजून वाजले नाहीत ला.”

ताटातले खोबरे पावसाने धुऊन निघाले होते. तेच सगळ्यांना वाटले. अंकलनी दोन तुकडे घेतले, इंजिनिअरने तीन. मग ताईंनी साडीचा ओचा पिळला, ओल्या पानाचा ढोल बाजूला काढला, आणि टाचभर पाण्यात उभे राहून आम्ही कंबरपट्टे आवळले. बाहेर फळ्यांपलीकडे पाणी तसेच उभे होते. तर्री सुटली.