पगारे सरांचं हँडल

"नाना, हे हँडल मागं घ्या, नाहीतर ही गाडी तुम्हीच ठेवून घ्या," पगारे सर म्हणाले आणि गाडीवरून उतरून उजवा हात झटकायला लागले. शनिवारची दुपार होती. सकाळची शाळा करून ते तसेच माझ्याकडं आले होते. तीन बोटं पार बधिर झाली होती. मी चहा पुढं केला तर त्यांनी कप डाव्या हातानं घेतला.

सर राहतात नाशिकरोडला. शाळा निफाडकडच्या एका खेड्यात. सायखेड्यावरून जायचं, जाऊन येऊन सत्तर किलोमीटर. शाळेच्या टायमाला एसटी नाही. रिटायर व्हायला दोन वर्षं बाकी, आणि डॉक्टर म्हणतो मोटरसायकल बंद करा.

"बंद करून शाळेत काय उडत जाऊ?" सर म्हणाले.

माझं गॅरेज देवळाली कॅम्पला. शिक्षण सातवी, तीही कशीबशी. पण पाना हातात धरून पंचेचाळीस वर्षं झालीत. गाडी बघितली आणि दुखणं कळलं. गाडी मुलाच्या पसंतीनं घेतलेली. हँडल बुटकं आणि अंगापासून लांब. सर उंचीला कमी, त्यांना मूठ धरायला टाकीवर वाकावं लागायचं. माणूस वाकला की अंगाचा भार तळहातावर येतो. तळहात दबला की बोटं झोपतात. एवढं साधं आहे ते.

लोकांना वाटतं हँडल मागं घेणं म्हणजे चार बोल्ट ढिले करायचे, दांडी ओढायची, बोल्ट आवळायचे. हँडलची दांडी मधोमध क्लॅम्पमध्ये धरलेली असते. क्लॅम्प म्हणजे लोखंडी पकड. ती ढिली करून दांडी फिरवली की मुठी मागं येतात खऱ्या, पण खालीही येतात. सरांना मुठी मागं पाहिजे होत्या आणि वरही. म्हणून मी दुसरं हँडल टाकायचं ठरवलं. जुन्या चालीचं, उंच आणि टोकं मागं वळलेलं.

सोमवारी शाळेला सुट्टी होती. सर सकाळीच आले. दोन तास लागले. हँडल उंच झालं की केबल ताणते, म्हणून क्लचची आणि अ‍ॅक्सिलरेटरची केबल लांब टाकली. इंजिन चालू ठेवून हँडल डावीकडं पूर्ण वळवलं, उजवीकडं पूर्ण वळवलं. आवाज वाढला नाही. वाढला असता तर केबल ओढली जातेय असं समजायचं, आणि वळणावर गाडी आपोआप पळते. मग सरांना बसवलं. हात सैल सोडायला लावले. बोटं पुढं केली की लिव्हरवर सरळ पडली पाहिजेत. मनगट वर मोडलं तरी चूक, खाली मोडलं तरी चूक. लिव्हर थोडे खाली घेतले.

सर एकटेच बसस्टँडपर्यंत चक्कर मारून आले. हसत आले.

"नाना, सोफ्यावर बसल्यासारखं वाटतंय!"

"मग टीव्ही पण बसवून देऊ का पुढं?"

बाकावर बसलेली दोन गिऱ्हाइकं हसली. मला बरं वाटलं. तेवढ्यात सर म्हणाले, "रविवारी आमच्या मंडळी असतात मागं. त्यांना एकदा घेऊन येऊ का? जोडीनं बसून बघतो."

मी म्हणालो, "वहिनी मागं बसणार. हँडल काय त्या धरणार आहेत?"

पुन्हा सगळे हसले. सरही हसले. गाडी गेली.

आता जे सांगायचं ते सांगतो.

माझी बायको मंदा होती तोपर्यंत हँडलचं कुठलंही काम माझ्या गॅरेजमधून तसं गेलं नव्हतं. घर गॅरेजच्या मागंच. हँडलचं काम झालं की मी हाक मारायचो. ती पदराला हात पुसत यायची, मागं बसायची, आणि आम्ही कोपऱ्यापर्यंत एक चक्कर मारायचो. गिऱ्हाइकं गंमत करायची, "नाना, काकूंना फिरायला नेता का लोकांच्या पेट्रोलवर?" पण ती चक्कर गमतीची नव्हती. मागं माणूस बसलं की पुढचा माणूस टाकीकडं सरकतो. चार बोटं सरकतो, कधी जास्त. एकट्याला आरामाचं वाटणारं हँडल मग पोटाशी येतं, आणि पूर्ण वळवलं की मुठीचं टोक मांडीला अडतं. सरळ रस्त्याला हे कळत नाही. जागेवर गाडी वळवताना कळतं.

हे मी शोधलं नव्हतं. पहिल्यांदा तिनंच सांगितलं. फार वर्षांपूर्वी मी आमच्याच गाडीला असलं मागं वळलेलं हँडल टाकलं, तेव्हा मागून म्हणाली, "अहो, वळताना तुमचा गुडघा बाहेर जातोय. हँडलला लागतोय." मी म्हणालो, "तू गप बस, तुला काय कळतंय?" घरी येऊन बघितलं तर मांडीवर वळ उठलेला. तेव्हापासून तिला हाक मारायला लागलो. पण गिऱ्हाइकाला सांगताना मी कधी तिचं नाव घेतलं नाही. "आपली टेस्ट असते," असं म्हणायचो.

सरांचं काम केलं तेव्हा तिला जाऊन चार महिने झाले होते. ती गेल्यावरचं हँडलचं ते पहिलंच काम. सरांनी जोडीनं बसून बघू म्हटलं आणि मला त्या जागेवर दुसरं कुणी बसलेलं बघवेना. खरं कारण हे. बोललो मात्र दुसरंच, आणि वर चार माणसांत हसवलं.

रविवारी संध्याकाळी फोन आला.

"नाना, गाडी वळलीच नाही हो." सरांचा आवाज बारीक झाला होता. दोघं गंगापूर रोडला नातेवाइकांकडं निघाले होते. गल्ली चुकली म्हणून सरांनी जागेवर गाडी वळवायला घेतली. मूठ मांडीला अडली. हँडल पुढं जाईना, गाडी एका बाजूला कलली, पाय टेकवला तर खाली बारीक खडी. सरांना खरचटलं. वहिनी गाडीखाली आल्या. घोट्याचं हाड मोडलं.

दुसऱ्या दिवशी मी घरी गेलो. वहिनी पलंगावर, पाय उशीवर, गुडघ्यापर्यंत प्लास्टर. सर पाणी आणायला आत गेले.

"या नाना," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही मला हसलात म्हणे."

"हो. हसलो."

"मी हँडल धरणार का म्हणालात?"

"म्हणालो."

"मग आता धरते. पाय बरा होऊ द्या, पहिलं तुमचं डोकं धरते आणि वळवते. वळतं का बघू."

मी सगळं सांगितलं. मंदा कशी मागं बसायची, काय बघायची, ती गेल्यावर मी ते का सोडलं. काहीच लपवलं नाही. वाटलं होतं, ऐकून त्या नरम होतील.

त्या म्हणाल्या, "तुमची बायको गेली त्याचं वाईटच वाटतं मला. पण म्हणून माझा पाय मोडायचा का?"

सर पाणी घेऊन दारात उभे होते. "अगं..." म्हणाले.

"बोलू द्या सर," मी म्हणालो. "बरोबर बोलताहेत." पाणी पिऊन उठलो.

ते हँडल मी काढलं. दुसरं टाकलं, उंची तीच, पण टोकं कमी वळलेली. आता बघायला मागं माणूस पाहिजे. वहिनींना प्लास्टर, आणि नसतं तरी त्यांना कोणत्या तोंडानं विचारणार? सर म्हणाले, "नाना, तुम्हीच बसा की."

पंचेचाळीस वर्षांत मी गिऱ्हाइकाच्या मागं कधी बसलो नव्हतो. टांग टाकायला स्टूल लागलं. गाडी सुरू झाली आणि माझे हात कुठं ठेवावेत ते समजेना. धरायला काही नाही. पायाखालचं फूटरेस्ट पोटरीपर्यंत थरथरतंय. सर ब्रेक कधी मारणार ते आपल्याला माहीत नाही, म्हणून मान सारखी आखडलेली. खड्डा आला की सरांना आधी दिसतो, मला तो पाठीत कळतो.

पण दिसत सगळं होतं. सरांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा वर चढला होता. कोपर ताणलेलं होतं. वळताना गुडघा कुठं जातो, मुठीत आणि मांडीत किती जागा राहते, सगळं स्वच्छ. मी पुढं बसून, खाली बसून, आडवा होऊन जे शोधायचो, ते तिथून नुसतं बघितलं तरी दिसत होतं.

मंदाला शेवटची काही वर्षं कंबरेचा त्रास होता. एकदोनदा म्हणालीही, "अहो, आज नको, बसवत नाही." मी म्हणायचो, "दोन मिनिटं तर बसायचंय."

कोपऱ्यावर सरांनी विचारलं, "काय म्हणता नाना, ठीक आहे ना?" मी म्हणालो, "अजून एक चक्कर मारा."

हँडल दोनदा उतरवून चढवलं. मागं माणूस असताना, पूर्ण वळवल्यावर मूठ आणि मांडी यांच्यात दोन बोटं जागा ठेवली. एकट्यानं चालवताना सरांना किंचित पुढं झुकावं लागतं. बोटं बधिर होत नाहीत, संध्याकाळी खांदा थोडा दुखतो. याहून जास्त मला जमलं नाही. सरांची शाळा चालू आहे. वहिनींचा पाय जुळला, पण त्या आता गाडीवर बसत नाहीत. रविवारी सर गाडीवर आणि त्या रिक्षानं, असे दोघं एकाच घरी दोन वाहनांनी जातात. त्याला कारण मी.

हँडलचं काम आलं की मी आता गिऱ्हाइकाला विचारतो, मागं कोण बसतं? त्या माणसाला आणायला लावतो. कुणी येणारं नसलं तर स्टूल लावून मी बसतो. लोक हसतात, हसू देत. दुसऱ्याचं हँडल लावणाऱ्यानं आधी मागच्या सीटवर बसावं, एवढंच माझं म्हणणं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. सांगणारी घरातच होती.