शेरा: ‘भेसळ’

“भाऊ, धान माह्याच बांधीतला हाय. मग भेसळ काऊन म्हणून राह्यले?”

अहेरीजवळच्या गावातील इंदूबाई माझ्या दारात उभ्या होत्या. बियाणे प्रमाणीकरणाच्या नोकरीतून मी निवृत्त झालो आहे; संतापातून नाही. त्यांचे बियाणे गावभर पेरले जाई. यंदा एका बियाणे प्रकल्पाच्या अधिकाऱ्याने आठवडी बाजारात भोंग्यावरून ते भेसळीचे ठरवले. पऱ्हे, म्हणजे भाताची रोपे, टाकायचे दिवस जवळ आले, तरी कोणी त्यांच्याशी बियाणे बदलून घेईना.

मी प्रकल्पाचे कार्यालय गाठले. तिथे ग्रो-आउट टेस्ट झाली होती, म्हणजे नमुना पेरून सर्व रोपे एकाच जातीची आहेत का ते पाहणे. ट्रेमधील काही रोपांची मुळे इतरांहून लांब होती.

“दोन जाती स्पष्ट दिसतात,” अधिकारी साहेब म्हणाले.

“दिसतात की सिद्ध होतात?”

“म्हणजे तुम्ही पुन्हा पत्र लिहिणार!”

“लिहूनच आणले आहे.”

डीएनए चाचणी करणे त्यांना भाग पडले. जात एकच निघाली.

“मग मुळं वेगळी काऊन?” साहेब आता गावच्या भाषेवर आले.

इंदूबाईंनी दोन बांधींतले, म्हणजे भातखाचरांतले, धान एकत्र केले होते. एक खताची, दुसरी बरड, म्हणजे निकस. स्फुरद कमी पडले की रोप आपल्या जनुकांवर रासायनिक खुणा करते. जनुक बदलत नाही. कोणते चालू आणि कोणते बंद, एवढे बदलते. मूळ लांबवणारी जनुके अशीच चालू होतात. या खुणा बहुधा पुसल्या जातात. क्वचित पुढच्या बियाण्यात उतरतात. येथे त्या उतरल्याच, हे मी सिद्ध करू शकत नव्हतो. करण्याची गरजही नव्हती. भेसळ सिद्ध करण्याचा भार आरोप करणाऱ्यावर होता.

“अहवालातला शेरा खोडतो,” साहेब म्हणाले.

“भोंग्यावर केलेला आरोप कागदावर खोडता येत नाही.”

पुढच्या बाजारात त्यांनी भोंगा घेतला. “सदर नमुन्यात आनुवंशिक भिन्नता आढळून आलेली नाही.”

बाजारात घासाघीस सुरूच राहिली. इंदूबाई ओरडल्या, “साहेब, मराठीत सांगा न!”

साहेबांनी घाम पुसला. “बाईचा धान चोख हाय. आमचंच चुकलं.”

शेजारच्या सखूबाईंनी आपले सूप पुढे केले. “टाक वो, इंदू.”

रोपाला दोषी ठरवण्यापूर्वी त्याच्या मातीची चौकशी करावी. नियमात हे नाही. त्याबद्दल मी पत्र लिहिले आहे.