फुलपाखरांचे चोवीस पाय

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बायांनो, कारण ही फजिती सांगताना मला अजूनही धड हसू येत नाही.

तेव्हा आम्ही तळोद्याला होतो. आमचे हे जंगलखात्यात कारकून, आणि ह्यांच्या साहेबांना फुलपाखरांचं वेड. डोंगरातून धरून मारलेली बारा फुलपाखरं ह्यांनी नोंद करायला घरी आणली आणि पंख मिटलेली तशीच ओसरीवर कागदावर मांडली. केशरी पंख, काळी किनार. जाताना बजावून गेले, "ह्यांच्या अळ्या रुईचा पाला खातात. अंगात विष असतं, पक्षीसुद्धा तोंड लावत नाहीत. मधूला जवळ येऊ देऊ नकोस."

मधू दहा महिन्यांचा, रांगता. मी चुलीवरचं दूध उतरवून येते, तो हा कागदाशेजारी बसून काहीतरी चघळतोय.

फुलपाखरं मोजली. बारा. जीव भांड्यात पडला. पण मी पडले सातवी शिकलेली! म्हटलं, पाय मोजावेत. किड्याला सहा पाय, हे शाळेत घोकलेलं. पहिल्याला चार. दुसऱ्यालाही चार. बाराही जणांना चारच, आणि प्रत्येकाचे पुढचेच दोन गायब. म्हणजे चोवीस विषारी पाय माझ्या लेकराच्या पोटात.

माझा हंबरडा ऐकून शेजारच्या भिकूबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या.

"काय व्हयनं वं माय? पोऱ्या ते हासी ऱ्हायना." मधू खरंच खुदुखुदु हसत होता.

"त्यानं विष खाल्लं हो."

"मंग रडत काय बसनी? तूप पाज त्याले."

पाजलं. एक चमचा, दोन चमचे, मग वाटीच तोंडाला लावली.

तेवढ्यात हे आले. ऐकून आधी पांढरे पडले, मग भिंग घेऊन फुलपाखरांवर वाकले. "इकडे बघ."

बघते तर छातीशी दोन इवलेसे पाय, मुडपून घेतलेले.

"ह्या कुळाची खूणच ही. पुढचे पाय खुरटलेले, चालायला चारच. मिशांवर खवले नाहीत. ह्या जातीत नराच्या मागच्या पंखावर काळा ठिपका. साहेब असल्या खुणा बघूनच कूळ ठरवतात." भिंग खाली ठेवून म्हणाले, "आणि पंखाची भुकटीही न सांडता पोरानं प्रत्येकाचे नेमके दोनच पाय खाल्ले असते, तर साहेबांनी त्याला उद्याच नोकरीवर घेतलं असतं."

"मग तो चघळत काय होता?"

भिकूबाईंनी मधूच्या तोंडात बोट घातलं. गालाशी दडलेला भाकरीचा तुकडा निघाला, तुपानं माखलेला. "मन्हीच शे ती. मघाशी मीच दिन्ही व्हती."

बारा किड्यांचे पाय मोजले मी, पण पोराचं तोंड उघडून बघायचं सुचलं नाही. त्याच्यापायी इतकी घाबरते ना, की त्याच्याकडेच बघायचं राहून जातं.

विष काही त्याला बाधलं नाही. पुढे दोन दिवस त्याचं पोट वाहत होतं, ते माझ्या तुपानं.