माझ्या आवाजातले फोन

बारामतीच्या एमआयडीसीतल्या एका खाजगी डेअरीत मी दूध संकलनाचा मॅनेजर आहे. माझं काम म्हणजे मुख्यतः बोलणं. सकाळच्या धारा उरकत आल्या की इंदापूरकडच्या गावांतल्या केंद्रचालकांना मी एकेक करून फोन लावायचो. दूध किती आलं, टँकर कुठवर पोचला, कूलर चालतोय ना. त्यात दूध थोडं आणि गावचं बोलणं जास्त. वरकुट्याच्या केंद्राचे तात्या तर कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या पोरीचं जमलं, हे सगळं सांगून मग दुधाकडे वळायचे. फोन ठेवताना मी म्हणायचो, "काकींना सलाम सांगा." ते म्हणायचे, "सांगतो, भाई."

मालकांच्या मुलाला आम्ही धाकटे साहेब म्हणतो. त्यांनी एक दिवस सगळ्या मॅनेजरना बसवलं आणि डेअरीत एआय येणार असल्याचं सांगितलं. "घाबरायचं काही कारण नाही," हे त्यांनी इतक्यांदा म्हटलं की मला खरोखरच भीती वाटायला लागली. पुण्याहून एक प्रशिक्षक आले होते. त्यांनी डोळे मिटून श्वास घ्यायला लावला आणि विचारलं, "कुणाला चिंता वाटतेय का?" एकही हात वर झाला नाही. माझ्या शेजारी क्वालिटीच्या मॅडम बसल्या होत्या. त्यांनी पेनचं टोपण चावून चपटं केलं होतं.

त्यानंतर जो तो आपापल्या परीने सावरू लागला. प्रॉडक्शनचे साहेब शिफ्ट सुरू व्हायच्या खूप आधीच येऊन बसू लागले. मी संध्याकाळी मोटारसायकल काढून काटेवाडीच्या पुढे कालव्यापर्यंत जायचो आणि पाण्याकडे बघत उभा राहायचो. मॅडमचा उपाय सगळ्यात विचित्र होता. त्या आपली काळजी त्या एआयलाच टाइप करून सांगायच्या. मी हसलो, तर म्हणाल्या, "हसू नका. घरी कुणी इतकं ऐकून घेत नाही माझं." थोडं थांबून हळूच म्हणाल्या, "ज्याची भीती वाटते, त्याच्याच मांडीवर डोकं ठेवून झोपल्यासारखं वाटतं."

मग एका बैठकीत धाकट्या साहेबांनी मला विचारलं, "सकाळचे फोन आता सिस्टिम करेल. लोकांना तुमच्या आवाजाची सवय आहे. तो वापरला तर तुमची हरकत नाही ना?" माझे आधीचे फोन रेकॉर्ड झालेलेच होते. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "नाही, हरकत कसली?"

"आता तुम्ही मोठ्या कामांकडे लक्ष द्या," ते म्हणाले. मोठं काम काही आलं नाही. सकाळी मी चहा घेऊन बसायचो, फोन हातात, आणि तो वाजायचा नाही. बायको एकदा म्हणाली, "कुणाची वाट बघताय?" त्याच वेळी माझा आवाज वरकुट्यात, भवानीनगरात, आणखी कुठंकुठं बोलत होता.

एका शुक्रवारी नमाज पढून बाहेर पडलो, तर रस्त्यापलीकडे तात्या दिसले. काकींना बारामतीच्या दवाखान्यात दाखवायला आणलं होतं. मला बघून ते लगबगीने आले आणि माझा हात दोन्ही हातांत धरला.

"भाई, तुमी लई मायेनं इचारलं. रोज सकाळी पयला सवाल हिच्या तब्येतीचा. सख्खा भाऊबी इचारत न्हाय."

काकी आजारी आहेत हे मला तेव्हा, तिथं, रस्त्यावर कळलं. तरी मी मान हलवली. "आता बरं आहे ना?" एवढंच म्हटलं.

तिथून मी तडक डेअरीत गेलो आणि कॉम्प्युटरवाल्याकडून तात्यांचे कॉल लावून घेतले. माझाच आवाज होता. मध्येच घसा खाकरणं माझं, "बरं, बरं" म्हणणंही माझं. तात्या घोगऱ्या आवाजात काकींच्या छातीतल्या दुखण्याबद्दल सांगत होते आणि तो आवाज मध्ये न बोलता ऐकत होता. दुसऱ्या दिवशीच्या कॉलमध्ये त्याने औषध लागू पडलं का ते विचारलं, आणि शेवटी म्हणाला, "काकींना सलाम सांगा." मी सकाळी घाईत असायचो, कधी तात्यांना मध्येच तोडायचो. मी इतका चांगला कधीच नव्हतो.

मी कुणाला काही बोललो नाही. बोलून काय सांगणार होतो? त्यात वाईट असं काहीच घडलं नव्हतं.

वाईट नंतर घडलं. वरकुट्याच्या बाजूचं संध्याकाळचं दूध घेणं बंद करायचं, असं वर चाललं होतं. मला ते ठाऊक होतं. गावोगाव जाऊन मीच समक्ष सांगतो, असं मी म्हटलंही होतं. पण एका सकाळी तात्यांचा फोन माझ्या मोबाइलवर आला.

"ग्वाड बोलून मान कापली की, भाई! हिचं इचारलं, सलाम सांगितला आन् मग म्हनला, उद्यापास्नं सांजचं दूध नगं. हितं बाया किटल्या घिऊन उभ्या राहत्याल, त्यास्नी मी काय सांगू?"

मी मोटारसायकल काढली. भवानीनगरपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकत गेलो. काय बोलायचं ते वाटेत जुळवत होतो, पण वरकुट्यात तात्यांच्या घरी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि सगळं विसरलो.

"तात्या, तो मी नव्हतो," मी म्हणालो.

"आवाज तुमचा व्हता."

"आवाज माझाच. पण बोलत होतं मशीन. कितीतरी दिवस तेच बोलतंय."

तात्या खाली बसले. माझ्याकडे असे बघत राहिले, की जणू समोर उभा आहे तो तरी मी आहे का, हे तपासत असावेत. आतल्या खोलीतून काकी आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मग माझ्या दुखन्याचं कुनी इचारलं?" त्या म्हणाल्या.

चहा आला, तो मी कसाबसा प्यायलो. निघताना तात्या दारापर्यंत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी धाकट्या साहेबांना सांगितलं, "माझा आवाज काढून टाका." ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. "लोक तुमच्यावर विश्वास ठेवतात, म्हणून तर तो घेतला होता," ते शांतपणे म्हणाले. पुढे आवाज बदलला. आता कुणा एकाचा नसलेला, मऊ, हसरा आवाज फोन करतो. पहिल्या आठवड्यात एक-दोन गावांतून विचारणा झाली, की भाई आजारी आहेत का. मग तीही थांबली. तात्यांनी आमचं केंद्र बंद करून दुसऱ्या डेअरीला दूध घालायला सुरुवात केली. मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा त्यांनी "हॅलो" ऐकलं आणि काही न बोलता ठेवून दिला.

आता नवीन टूम निघाली आहे. प्रत्येक मॅनेजरने कॅमेऱ्यासमोर बसायचं आणि आपण निर्णय कसे घेतो ते सांगायचं. चिडलेल्या गावाला कसं समजावतो, कोण खोटं बोलतंय हे कशावरून ओळखतो. धाकटे साहेब मला म्हणाले, "वरकुट्याचं प्रकरणही सविस्तर सांगा. त्यातून सिस्टिम शिकेल."

प्रॉडक्शनचे साहेब कॅमेऱ्यासमोर बसून आले. बाहेर येऊन त्यांनी तोंडावर पाणी मारलं. मॅडमनी विचारलं, "कसं झालं?"

"चांगलं झालं," ते रुमाल शोधत म्हणाले. "मला वाटलं होतं सांगण्यासारखं पुष्कळ असेल. दुपारच्या आत संपलं सगळं."

माझी पाळी सोमवारी आहे.