पंधरा दिवसांचे दोन आठवडे

चौकशीताईंना नियम वाचायला आवडतात हे कळलं की लोक आधी हसायचे आणि मग अडचण आली की त्यांच्याकडेच धावायचे. परक्या देशात अकरा वर्षं त्या एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करत होत्या. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका फोनमध्ये डोकं घालून बसत, तेव्हा ह्या बाई परदेशी लोकांच्या राहण्याच्या परवान्याची पुस्तिका काढत. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं तर परवान्याचं काय होतं? नवऱ्याच्या परवान्यावर आलेली बायको विधवा झाली तर तिनं राहायचं की जायचं? हा दुसरा प्रश्न त्यांना कुणीही विचारला नव्हता. तो त्यांचा त्यांनाच पडला, आणि उत्तर सापडेपर्यंत बाईंना अन्न गोड लागलं नाही. चौकशीताई हे नाव काही उगीच पडलेलं नव्हतं.

त्यांचा धाकटा भाऊ वेल्डर. ताईंनीच मागे लागून त्याला चार वर्षांपूर्वी बोलावून घेतलं होतं. एका सोमवारी त्याच्या कारखान्याला टाळं लागलं. नोकरी सुटली की दोन आठवड्यांच्या आत परवाना कचेरीत नोंद करायची, असा तिथला नियम. नोंद केली तर नवी नोकरी शोधायला सहा महिने मिळत. नाही केली तर परवाना रद्द, आणि गाशा गुंडाळायचा.

भावानं ताईंना फोन लावला. "ताई, नोंदीला किती दिवस असतात गं?"

"पंधरा दिवस," चादर उलटवता उलटवता ताई म्हणाल्या.

पंधराव्या दिवशी भाऊ दाढीबिढी करून कचेरीत हजर झाला. खिडकीतल्या बाईंनी तारीख पाहिली आणि मान हलवली. मुदत कालच संपली होती. काही कारण असेल तर उद्या येऊन सांगा, हवं तर दुभाषी आणा, म्हणाल्या. दुभाषी दुसरं कोण असणार?

चूक कुठे झाली हे ताईंच्या लगेच ध्यानात आलं. अकरा वर्षांत कुणाला चुकीचं सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं ते सख्ख्या भावाला! एकच वाट उरली होती. उशीर निष्काळजीपणामुळे झाला नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तर तो माफ करता येतो. पुस्तिकेतलं हे कलम त्यांना पाठ होतं.

"चूक माझी आहे," दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीतल्या बाईंना सांगितलं. "आमच्या भाषेत दोन आठवड्यांना पंधरा दिवस म्हणतात."

"पण दोन आठवडे म्हणजे चौदा."

"हो. पण आम्ही एका आठवड्याला आठ दिवस म्हणतो. आमच्या आठवडा या शब्दातच आठ आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनाही आता गंमत वाटू लागली होती. "मग दोन आठवडे म्हणजे सोळा व्हायला हवेत."

"नाही ना, पंधराच." ताईंनी बोटं पुढे केली. "सोमवार ते सोमवार आठ. तिथून त्याच्या पुढच्या सोमवारपर्यंत एकूण पंधरा. मधला सोमवार दोनदा कसा मोजणार?"

बाई हसल्या. मग त्यांनी फाइलमधून कारखान्यानं भावाला दिलेलं पत्र काढलं. त्यात नोंदीची मुदत आकड्यात छापलेली होती, चांगली ठळक. "हे यांनी वाचलं नव्हतं का? विचारा."

ताईंनी विचारलं. नाही म्हण, नाही म्हण, असं त्या मनातल्या मनात घोकत होत्या.

"वाचलं होतं की," भाऊ म्हणाला. "चौदा लिहिलंय. पण तू पंधरा म्हणालीस. मला वाटलं, छापताना चुकलं असेल."

बाईंना मराठी कुठे येतंय! वाचलं नाही म्हणतो, एवढं बोललं की काम फत्ते. पण खोटं बोलायला जीभ वळेना. त्यांनी शब्द न शब्द खरं सांगून टाकलं.

बाईंनी कारणाच्या रकान्यात एक ओळ लिहून शिक्का मारला. ताईंना कुठे धीर धरवतोय! त्यांनी ती ओळ काचेपलीकडून उलटीच वाचली. 'निष्काळजीपणा नाही. छापील मजकुरापेक्षा बहिणीवर जास्त विश्वास.'

बाहेर आल्यावर ताई रस्त्यातच रडायला लागल्या. सुटल्याचा आनंद होताच. पण आजवर आपल्याला विचारून गेलेल्यांतले किती जण असे डोळे मिटून वागले असतील, या विचारानं त्यांना घाम फुटला होता.

"अगं, झालं ना काम?" भाऊ म्हणाला.

"ऐक माझं," डोळे पुसत ताई म्हणाल्या. "यापुढे मी काही सांगितलं, तरी कागदावर असेल तेच खरं मानायचं. कळलं?"

"बरं," भाऊ म्हणाला. "तू म्हणतेस तर तसं."